भुलाबाईचा हिशेब

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना वऱ्हाडात भुलाबाईचा. वाशीम, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा या भागात आणि शेजारच्या अकोला-बुलडाण्यातही भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी घरात मांडतात. भिल्लाच्या रूपातले शंकर-पार्वती म्हणून ही जोडी ओळखली जाते. दिवेलागणीनंतर आळीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ वाटला जातो. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारून, रात्र जागवून सांगता होते. पश्चिम महाराष्ट्रातले हादगा आणि भोंडला हे याच गोतावळ्यातले. या खेळातली गाणी ऐकायला वेडीवाकडी वाटतात. त्यांच्या आत मात्र पक्का हिशेब असतो, आणि त्या हिशेबामुळेच वेडेपणाला रंग चढतो.

हिशेबाची पहिली पायरी गाण्यांच्या संख्येत आहे. हादग्याची जुनी रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी आणि दोन खिरापती, असे वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. मग सोळा दिवसांत एकूण खिरापती किती? एकेक आकडा मिळवत बसायला नको. पहिला आणि सोळावा दिवस मिळून १७, दुसरा आणि पंधरावा मिळूनही १७. अशा आठ जोड्या, म्हणून १३६. भोंडल्याच्या नऊ दिवसांत हीच बेरीज ४५ होते आणि भुलाबाईचे तीस दिवस याच रीतीने मोजले तर ४६५. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त या बेरजेला ‘संकलित’ म्हटले आहे. हाच हिशेब दुसऱ्या अंगानेही करता येतो. रोज आधीची गाणी म्हणून एक नवे जोडले, तर पहिले गाणे सोळा वेळा म्हटले जाते, दुसरे पंधरा वेळा आणि शेवटचे एकदाच. बेरीज तीच, १३६. सर्वांत जुने गाणे सर्वांत जास्त वेळा घोळले जाते. पुस्तकावाचून ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहण्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

दुसरी पायरी गाण्यांच्या बांधणीत. कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सून माहेरी जायला निघते आणि सासू एक अट घालते: आधी कारल्याचे बी लाव. बी लावले की कोंब येऊ दे, कोंब आला की वेल वाढू दे, मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी. प्रत्येक कडव्यात एक काम संपते आणि एक वाढते, म्हणून शिल्लक नेहमी एकच राहते. सासू ‘नाही’ कधीच म्हणत नाही. ‘अजून एक’ एवढेच म्हणते. कितीही पायऱ्या चढल्या तरी माहेर तेवढेच लांब. हसत म्हणायच्या या गाण्यात लग्न झालेल्या पोरीचे दुःख नेमके मोजलेले आहे.

वेड्या नवऱ्याच्या गाण्याची तऱ्हा वेगळी. बायकोने लाडू केले, तर तो चेंडू समजून खेळतो. करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो. शेवयांना गांडुळे समजून फेकून देतो. चाल आणि शब्द तेच ठेवून दोनच जागा रिकाम्या सोडलेल्या असतात: एक पदार्थाची, दुसरी चुकीच्या वस्तूची. आकार जुळला की कडवे जुळले. म्हणून आठ-दहा वर्षांची पोरही उभ्या उभ्या नवे कडवे रचते आणि चकलीचे चक्र करते.

तिसरी पायरी म्हणजे खाऊ ओळखणे. घरधनीण झाकलेला डबा हलवून दाखवते. फुटाणे खुळखुळतात, लाडू धपधप आपटतात, मुरमुऱ्यांचा आवाज जेमतेम येतो. हुशार बाई आवाज दाबायला डब्यात फडके कोंबते. मग प्रश्न सुरू होतात. गोड हाय का तिखट? तळलेलं का भाजलेलं? एकेका पदार्थाचे नाव घेत सुटलेली पोर सोळा पदार्थांत पंधरा वेळाही चुकू शकते. प्रत्येक प्रश्नाने उरलेले पदार्थ निम्मे करणारी पोर मात्र चार प्रश्नांत डब्यापर्यंत पोचते: सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. पदार्थ बत्तीस केले तरी प्रश्न एकच वाढतो. असे वीस प्रश्न १०,४८,५७६ वस्तूंमधून एक वस्तू शोधायला पुरतात.

शेवटची पायरी ठेक्याची. टाळी आणि टिपरी आखूड ठोका देतात किंवा त्याच्या दुप्पट लांब. छंदशास्त्रात हेच लघू आणि गुरू, म्हणजे एक मात्रा आणि दोन मात्रा. आठ मात्रा या दोन ठोक्यांनी किती तऱ्हांनी भरता येतील? शेवटचा ठोका लघू असेल तर आधी सात मात्रा भरलेल्या असतात, गुरू असेल तर सहा. म्हणून प्रत्येक आकडा हा मागच्या दोन आकड्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. आठ मात्रांच्या तऱ्हा ३४.

ही गणना विरहांक या छंदशास्त्रकाराने सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान प्राकृतात लिहिलेल्या ‘वृत्तजातिसमुच्चय’ या ग्रंथात दिली. युरोपात हीच मालिका फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या कोड्यातून मांडली. मात्रा मोजून रचलेल्या प्राकृत कवितेशी वाशीमचे नाते विरहांकाच्या ग्रंथाहूनही जुने आहे. वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेचे वत्सगुल्म. या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता आणि त्याच्या ‘हरिविजय’ काव्याची आठवण आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी ठेवली. मूळ काव्य आज हाती नाही. मात्रा मोजण्याचे काम मात्र या मातीत दरवर्षी महिनाभर चालते. ठेका सोळा मात्रांचा धरला तर त्या भरण्याच्या तऱ्हा १५९७ होतात. टिपरीला एवढी मोकळीक एका आवर्तनात मिळते.