पाच जण आणि सहावी खारीक

आखातात नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाला डोंगर चढायची हौस असते हे गावात कुणाला पटत नाही. ‘सह्याद्री सोडून तिकडं काय बघतोस?’ असं मामू दर सुट्टीत विचारतात. त्यांना कसं सांगणार, की रास अल खैमाच्या पाठीमागं हजर पर्वताची जी रांग उभी आहे, तिथं एक झाड दिसलं तरी माणूस थांबून त्याच्याकडं बघतो. चुनखडीचे उघडे, करडे कडे. खाली वादी, म्हणजे कोरडी नदी; पाऊस झाला तर तासाभरात दोन पुरुष पाणी, एरवी नुसते गोटे. वर शिहू टोळीच्या लोकांची जुनी दगडी घरं आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं. आता तिथं कुणी राहत नाही. गाढवं आणि बकऱ्या तेवढ्या हिंडतात.

मार्चच्या अखेरीस अशाच एका ओसाड गावाकडं निघालो होतो. पुण्याचा एक मित्र आणि त्याची बायको, हैदराबादचा एक, मोरोक्कोचा एक सहकारी आणि मी. सोबत पुणेकरांची कुत्री, खारीक. अर्धी सलुकी, अर्धी काय ते कुणालाच ठाऊक नाही. रंग अगदी नावासारखा. सलुकी म्हणजे अरबांचा शिकारी कुत्रा. लांब पाय, आत गेलेलं पोट. बदाऊनी तिला ‘कल्ब’ म्हणत नाहीत, सलुकीच म्हणतात, जणू ती वेगळी जात. कुरआनात सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरानं पकडलेलं सावज हलाल ठरवलंय, त्यामुळं तिचा मान वेगळाच.

गाडीतच हैदराबादीनं हिशेब केला. ‘पाच जण आणि सहावा कुत्रा! सूरह कहफ झालं की आपलं.’ गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची संख्या लोक किती सांगत, तीन, पाच की सात, हे कुरआनात आलंय, आणि प्रत्येक वेळी कुत्रा मोजलेला आहे. माणसांच्या आकड्याबद्दल वाद, कुत्र्याबद्दल नाही. मोरोक्कन म्हणाला, ‘पण पाचचा आकडा अंदाजानं सांगणाऱ्यांचा होता.’ त्यावर सगळे हसलो.

इथं माझी थोडी अडचण सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. देशावरचे बहुतेक हनफी. कुत्र्याच्या बाबतीत शाफई सगळ्यात कडक: ओलं अंग लागलं की सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. हनफींकडं लाळ नापाक, पण केस लागले तर एवढं नाही. आणि मोरोक्कन मालिकी. त्यांच्याकडं जिवंत कुत्रा पाकच. म्हणजे एका गाडीत तीन मुसलमान, तीन फिक्ह, आणि मागच्या सीटवर दोन हिंदूंच्या मांडीवर खारीक. ती मालिकीच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.

आमच्या घरी कुत्रा नव्हता असं नाही. आंब्याच्या कलमांना राखण लागतेच, आणि राखणीच्या कुत्र्याला शरियतमध्ये मनाई नाही. दादी त्याला रोज करवंटीत भात-कालवण वाढायची. करवंटी उंबऱ्याबाहेर, कुत्रा त्याच्या पलीकडं. पण पावसाळ्यात तो ओट्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला तर दादीनं त्याला कधी हाकललं नाही. ‘सुका हाय तवर सुका’ म्हणायची. कोरड्यानं कोरड्याला नजासत लागत नाही हा मसला तिनं असा चार शब्दांत बसवला होता.

फजर पढून पहाटेच चढायला लागलो. माणशी चार लिटर पाणी, खारीकसाठी वेगळं तीन. पहिले दोन तास ती आमच्या पुढं. पट्टा ताणून पुणेकराला अक्षरशः वर ओढत होती. चुनखडीच्या धारदार कडांवर आमचे बूट घसरत होते आणि ही बकरीसारखी पाय टाकत होती. दहाच्या सुमारास ऊन कड्यावर आलं आणि तिची चाल बदलली. आधी मागं राहिली. मग प्रत्येक दगडाच्या सावलीत बसायला लागली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर काढायची. हवाच तापली की तो रस्ताही बंद. आणि दगड तापलेला असतो तो आपल्याला बुटामुळं कळत नाही, तिच्या तळव्यांना कळतो. शिवाय कुत्रं ‘मला जमत नाही’ असं म्हणत नाही. मालक चालतोय तोवर चालतं, पडेपर्यंत. घोड्याचंही तसंच असतं म्हणतात. माणूस एवढा इमानदार नाही म्हणून वाचतो.

गाव वर दिसत होतं. अर्धा-पाऊण तास राहिला असेल. हैदराबादी म्हणाला, ‘इतने पास आके?’ पुणेकर गप्प. कितीतरी आठवडे त्यानं या वाटेचा नकाशा जमवला होता. त्याच्या बायकोनं खारीकचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. विटकरी लाल. लाळ दाट, दोरीसारखी. ती उभी राहिली नि म्हणाली, ‘मी उतरतेय. ज्याला वर जायचंय त्यानं जा.’ कुणी गेलं नाही.

अर्ध्या तासानं खारीक बसली ती उठेना. नशिबानं तिथं एक सिद्रचं झाड होतं. हे आपल्या बोरीचं भाऊबंद, काटे तेच, सावली तेवढीच विरळ. तिच्या वाटचं पाणी संपलं होतं. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र केल्या. पाच लिटरच्या आत. खाली गाडीपर्यंत दोन तास, ती उचलून न्यावी लागली तर तीन. माणसांना किमान किती लागेल ते बाजूला काढलं आणि उरलेलं तिचं. थोडं टोपीतून पाजलं, बाकी पोटावर, काखेत, पंजांवर. ओला टॉवेल गुंडाळायचा नाही, त्यानं उष्णता आतच कोंडते. ओलं करायचं आणि वारा घालायचा. नकाशाचा कागद पंखा म्हणून कामी आला.

तेवढ्यात जुहरची वेळ झाली. मसला स्पष्ट आहे: पाणी जिवाच्या तहानेसाठी लागत असेल, तो जीव जनावराचा असला तरी, तर वजूला वापरायचं नाही, तयम्मुम करायचा. मदरशात हे पाठ केलं होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती. मालिकीनं सरळ खडकावर हात मारला. त्यांच्यात चालतं. आम्हाला उडणारी माती लागते. सिद्रच्या बुंध्याशी वाऱ्यानं साठलेली मूठभर धूळ सापडली. आळीपाळीनं दोघं नमाजला, तिसरा पंखा हलवायला.

ती हदीस सगळ्यांना माहीत आहे: तहानेनं ओली माती चाटणारा कुत्रा, विहिरीत उतरलेला माणूस, मोज्यात भरून आणलेलं पाणी, आणि अल्लाहनं त्याला केलेली माफी. जुम्याच्या बयानात ती इतक्या वेळा ऐकलीय की गुळगुळीत झालीय. पण त्यातला एक तपशील बयानात क्वचित येतो. वर चढायला हात मोकळे हवेत म्हणून त्या माणसानं तो मोजा दातांत धरला होता. नंतर कुत्र्यानं त्यातूनच पाणी प्यायलं. पुढं त्या मोज्याचं त्यानं काय केलं, हे हदीसमध्ये येत नाही.

तासाभरानं खारीकची धाप जरा सावकाश झाली, पण पाय लटपटत होते. वीसेक किलो वजन. पुणेकरानं खांद्यावर घेतलं, मग मालिकीनं, मग उतार जिथं सगळ्यात वाईट तिथं माझी पाळी आली. ओली कुत्री, मानेवरून छातीपर्यंत लाळ. तिचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं. हैदराबादी पुढं पाय ठेवायची जागा दाखवत होता. दोनदा म्हणाला, ‘मला दे’. म्हटलं, माझं आता जे व्हायचं ते झालंय, तू कशाला.

गाडीत पाण्याचे दोन कॅन होते. एक तिला. दुसऱ्यानं, पुणेकर तिला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडं निघायच्या आधी, मी मान आणि हात धुतले. वादीतली माती चोळून एकदा, मग सहा वेळा. मालिकी मोठ्यानं मोजत होता आणि पाचनंतर मुद्दाम चुकत होता. शर्ट पिशवीत बांधला. घरी येऊन तोही तसाच धुतला. तो अजून वापरतो.

डॉक्टरनं सलाईन लावलं, मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती खायला लागली. तळव्यांची सालं निघाली होती, ती भरायला महिना गेला.

त्या गावी आम्ही डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो, खारीकशिवाय. दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं. ती आता वादीपर्यंतच येते, थंडीत, सकाळी. गाडीतून उतरली की आधी माझ्याकडं धावते. मी लांबूनच म्हणतो, सुकी हायस का?