आरोपीला विचारायचे प्रश्न

न्यायाधीश निःपक्षपाती आहे की नाही, हे निकालपत्रावरून कळतं असं लोकांना वाटतं. सत्र न्यायालयात अनेक वर्षं काम केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. ते खरं कळतं आरोपीच्या जबाबावरून.

सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश पुराव्याविषयी थेट आरोपीशी बोलतो. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१ आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३१३ होतं. या जबाबाला शपथ नसते. उत्तर नाकारलं किंवा खोटं दिलं, तरी त्याबद्दल शिक्षा नाही.

हा जबाब उरकणं फार सोपं. अख्खी साक्ष एका प्रश्नात कोंबायची, आरोपी ‘खोटे आहे’ म्हणाला की पुढचा प्रश्न. पण कोयता जप्त झाला, त्यावर रक्त होतं, ते मृताच्या गटाचं होतं, या तीन गोष्टी आहेत. मी त्यांचे तीन प्रश्न करीत असे. ‘रासायनिक विश्लेषकाचा अहवाल’ म्हटल्यावर शेतमजूर गप्प राहतो. साध्या शब्दांत विचारलं तर सांगतो, कोयता माझाच, पण तो शेजाऱ्यानं नेला होता. ते खरं की खोटं, हे नंतर पुराव्यावर पारखायचं. आधी ऐकून घ्यायचं.

लहान मुलाच्या खुनाचा खटला असला की मनात राग येतोच. तेव्हा मी प्रत्येक प्रश्नासाठी निशाणी, म्हणजे पुराव्यातला तो कागद किंवा वस्तू, समोर ठेवून बसे. पुराव्यात आहे तेवढंच विचारायचं, पण त्यातलं काही गाळायचं नाही.

पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की आरोपीपुढे न ठेवलेली परिस्थिती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. फाशीची शिक्षा झालेला आरोपी त्या निकालानं निर्दोष सुटला. हा नियम फिर्यादीच्याही हिताचा आहे. प्रश्न राहून गेला, तर खरा पुरावाही अपिलात निरुपयोगी ठरू शकतो आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या पदरी काहीच पडत नाही.

नव्यानं खुर्चीवर बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हे प्रश्न दुसऱ्यावर सोपवू नका. स्वतः लिहा, आरोपीला कळेल अशा भाषेत विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवा.