फुलीमागचं माणूस

इंग्लंडातल्या हॅम्पशायर काउंटीत सेलबोर्न गावी चर्चच्या आवारात एक बुटका दगड आहे. त्यावर गिल्बर्ट व्हाइटची आद्याक्षरं आणि तारीख, २६ जून १७९३. एवढंच. पानाआड लपणाऱ्या, दिसायला सारख्याच तीन पाखरांना नुसत्या गाण्यावरून वेगळं ओळखणारा हा माणूस तिथला क्युरेट, म्हणजे दुय्यम पाद्री होता. त्यानं पॅरिशमधली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली, माणसंही मोजली. १७८३ साली १३६ कुटुंबं, ६७६ जीव. पाखरांवरून माझी नजर या आकड्यावर आली आणि तिथंच अडली. कोण होते हे ६७६ जण?

शोधायला जागा आहे ती राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ सालच्या हुकमामुळे. प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न, दफन वहीत लिहायचं आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. या वह्या मला फार प्रिय, पण त्या हात राखून बोलतात. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. बापाचं नाव असतं, आईचं कितीदा तरी नसतंच. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीखाली वधूवरांची सही आली, तेव्हा कुठं त्यांचा हात कागदाला लागला. लिहिता न येणाऱ्यांनी फुली मारली. एखादी थरथरती, एखादी इतकी दाबून मारलेली की शाई फुटलेली.

गरीब माणूस बोलतो तो मात्र वेगळ्याच कागदात. १६६२ च्या कायद्यानं गरिबाला पोसायचं कुणी, हे त्याच्या हक्काच्या पॅरिशवरून ठरू लागलं. पोटामागं आलेला मजूर आजारी पडला की गावाला धास्ती, हा आता आपल्या गळ्यात पडणार. मग दोन दंडाधिकाऱ्यांपुढं त्याची जबानी. जन्म कुठला? उमेदवारी कुणाकडे केलीस? सलग वर्षभर चाकरी कुठं? लग्न कुठं लागलं, पोरं किती, कितीकितीची? तो सांगत जाई, कारकून लिहीत जाई. अख्खा जन्म एका पानात, आणि खाली तीच फुली. पुष्कळदा पाठोपाठ हुकूम निघे, बायकापोरांसह याला त्याच्या पॅरिशात पोचवा. नवऱ्याची पॅरिश तीच बायकोची, त्यामुळे एखाद्या विधवेची रवानगी तिनं कधी पाहिलेल्याही नसलेल्या गावी होई. लग्नाविना गरोदर राहिलेल्या मुलीला तर दिवस भरण्याआधीच हद्दीबाहेर काढायची धडपड चाले, कारण मूल जिथं जन्मेल ती त्याची पॅरिश.

कायदा निर्दय होता, यात मला शंका नाही. पण जमीनदारांच्या लांबलचक वंशावळींपेक्षा मला ही एकपानी जबानी मोलाची वाटते. हाकलून देण्यासाठी का होईना, त्या माणसाला कुणीतरी त्याची हकिकत विचारली होती.

इंग्लंडात स्थिरावलेल्या किती मराठी घरांत आता तिकडचे सून-जावई आहेत. नातवंडांसाठी त्यांची वंशावळ जुळवायला बसाल तर बाप्तिस्म्याच्या वहीवर थांबू नका. काउंटीच्या अभिलेखागारात जा आणि या जबान्या मागा.