राग नको, चाल सांगा

दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते, हे सिंधुदुर्गात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. संगीताचीही नसते, हे मात्र पेटीवर बसल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी कंपनी गावात उतरते, जेवणं होतात, मालक आजचं आख्यान सांगतो, भूमिका वाटल्या जातात, प्रसंगांचा क्रम चार वाक्यांत ठरतो आणि मंडळी तोंडाला रंग लावायला बसतात. संवाद रंगमंचावर सुचतात. पदं कोणती, किती आणि कुठे, हेही त्या रात्री त्या नटाच्या डोक्यात असेल तसं. पेटी, पखवाज आणि झांज घेऊन एका बाजूला बसलेल्या तिघांना त्याची आगाऊ खबर असेलच असं नाही.

मी तालुक्याच्या गावी पेटी शिकवतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झालो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, हे सगळं मुलांच्या वह्यांत रोज तपासतो. जत्रांच्या हंगामात एखाद्या कंपनीचा पेटीवाला आजारी पडला किंवा त्याच्या घरी कार्य निघालं की मला निरोप येतो, आणि मी जातो. पेटीवाला हजर असला तरी कधी कधी जातो, नुसता शेजारी बसायला. या मंडळींबरोबर वाजवून जे कळलं त्याविषयी लिहायचं आहे. कारण आमच्या शिकलेल्या वर्तुळात त्यांच्याविषयी दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘त्यांना काही कळत नाही, नुसतं ऐकून वाजवतात.’ दुसरा डोळे मिटून म्हणतो, ‘अहो, दैवी देणगी!’ मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं जास्त खटकतं. त्यात त्या माणसाची मेहनत पुसली जाते.

पहिली अडचण नावांची. आख्यान सुरू होण्याआधी मी पखवाजवाल्याला विचारतो, विलापाचं पद कशात आहे? माझ्या मनात उत्तर असतं भीमपलास किंवा जोगिया. तो मला एका जुन्या नाट्यपदाचा मुखडा गुणगुणून दाखवतो आणि वर सांगतो, ‘पण तसा नाय, वायच संथ.’ झालं. राग, स्वर, लय, सगळं त्यात आलं. त्यांच्याकडे शेकडो चाली आहेत आणि प्रत्येकीला पत्ता आहे. कुठली राक्षसाच्या प्रवेशाची, कुठली नारदाची, कुठली अमुक नट म्हणायचा ती. मी एकदा हौसेने अशा काही चालींची रागवार यादी केली. ती माझ्याच कामाची ठरली. रात्री दोन वाजता नट संवाद तोडून पदावर येतो तेव्हा कप्पा शोधायला वेळ नसतो. पहिल्या तीन स्वरांत चाल ओळखावी लागते. ते काम आठवण करते, वर्गीकरण नाही.

या चाली आल्या कुठून? बऱ्याचशा संगीत नाटकातून. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, त्यानंतर नाटक मंडळ्या गावोगाव फिरल्या, मग तबकड्या आल्या, मग रेडिओ. कुणी बेळगावात नाटक पाहिलं, कुणी मुंबईला गिरणीत असताना ऐकलं, गावी येऊन कंपनीत म्हटलं. कागद मध्ये कुठेच नाही. ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबेही पेटी कुणाकडे बसून रीतसर शिकलेले नव्हते. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानलं आणि ऐकून ऐकून घेतलं. म्हणजे १९११ साली कानाने शिकलेल्या माणसाकडून निघालेली चाल कानाकानांतून इथल्या देवळापुढच्या मांडवात आली. वाटेत तिचं बरंच काही बदललं. एखादा कोमल निषाद गळला, अंतऱ्याची तान सरळ झाली. आमचे एक परीक्षक याला अपभ्रंश म्हणतात. म्हणोत. मात्र काय गळलं आणि काय राहिलं हे नीट ऐकलं तर दिसतं की गळलं ते बहुधा धावताना, मुकुट सांभाळत, ध्वनिक्षेपकापासून चार हात लांब राहून म्हणता न येण्यासारखं होतं.

आता पट्टीचं सांगतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मैफलीत तंबोरा लागलेला असतो, गायक सांगतो काळी एक किंवा काळी दोन, आपण हात ठेवतो. दशावतारात राजपार्टीचा नट बोलता बोलता आवाज चढवतो आणि वाक्याच्या शेवटी पदात शिरतो. पेटीवाल्याने त्या क्षणी तिथे असायला हवं. रोजच्या नटांची पट्टी ठरलेली असते हे खरं, पण सलग आठ रात्री जागलेल्या गळ्याची पट्टी ठरलेली नसते. मी ज्यांच्याशेजारी बसतो ते पेटीवाले यावर काय करतात हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. ते पदाची वाट पाहत नाहीत, संवाद ऐकतात. नट तापला की त्याची वाक्यं एका ठरावीक सुरावर टेकायला लागतात. तो सूर बहुतेक वेळा पदाचा षड्ज असतो, नाहीतर पंचम. ते पायाने भाता जेमतेम हलता ठेवून तो सूर इतका हळू लावतात की प्रेक्षकांना तो कळतही नाही, नटाला मात्र कळतो. मग नट पदात शिरला तर तो आपोआप पट्टीतच शिरतो. ‘मास्तर, आधी आयक, मगे वाजय,’ एवढंच त्यांनी मला शिकवलं. बाकी मी पाहून घेतलं.

विशारदच्या अभ्यासक्रमात साथसंगतीवर प्रश्न असतात. हा प्रश्न मी अजून कुठे वाचलेला नाही.

दुसरी एक गोष्ट अशीच. पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग. या दोषावर आपल्याकडे केवढं रण माजलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवलं. आमचे पेटीवाले या वादाच्या गावालाही गेलेले नाहीत. पण स्त्रीपार्टीचा नट विलापात गंधारावर लांब उभा राहिला की ते गंधाराची पट्टी सोडून देतात आणि नुसता षड्ज-पंचम धरून ठेवतात. असं का, विचारलं तर म्हणाले, ‘थंय पेटी बोचता.’ मी १४ सेंटचं गणित मुलांना फळ्यावर शिकवतो, तरी माझं बोट कितीतरी वेळा त्या गंधारावर गायकाबरोबर उभं राहिलेलं असे. हल्ली राहत नाही.

पखवाजवाले मात्रा मोजत नाहीत. किती मात्रांचं चाललंय असं विचारणं म्हणजे चालणाऱ्याला पावलं किती झाली विचारण्यासारखं आहे. तो थांबेल आणि मग त्याला धड चालता यायचं नाही. ते बोल सांगतात. बोल तोंडाने म्हणून दाखवतात आणि त्यात ठेका, वजन, कुठे दाबायचं, कुठे उघडं सोडायचं, सगळं येतं. समेविषयी विचारलं तर पखवाजवाला नटाच्या पायाकडे बोट करतो. युद्धाच्या प्रसंगात दोघे नट गिरक्या घेत एकमेकांवर चालून येतात तेव्हा लय त्यांच्या पायांत असते. पखवाज तिला बांधून ठेवत नाही, तिच्या बरोबर पळतो, आणि शेवटी तलवार अंगाला टेकते तिथेच तिहाई येऊन पडते. ती तीन वेळा कशी बसली हे कागदावर मांडायला मला घरी जाऊन पेन्सिल लागते. बरं, हे काही लोककलावंतांचंच वैशिष्ट्य नाही. मोठ्या घराण्यांच्या गवयांनीही समोर बसवून, म्हणून घेऊनच विद्या दिली. लिपी पुस्तकांसाठी आली. आमच्यात आणि त्यांच्यात फरक कान आणि शास्त्र असा नाहीच. आम्हाला ऐकलेल्याला नाव देण्याची सवय लागली, त्यांना लागली नाही, एवढाच.

आणि झांज. जाहिरातीच्या फलकावर ‘तालरक्षक’ म्हणून त्याचं नाव सगळ्यांत शेवटी असतं. हा माणूस रात्रभर सगळ्यांकडे बघत असतो. पेटीवाला की-पट्टीत गुंतला, पखवाजवाला हाताच्या रंगात आला, की नटाने पद अर्ध्यावर सोडलेलं याला सर्वांत आधी दिसतं, आणि याची झांज थांबली की बाकीचे थांबतात. सूत्रं त्याच्या हातात असतात आणि मानधन सर्वांत कमी.

पण नुसत्या कानावर सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. काही पेटीवाल्यांची बोटं एका पट्टीत मुरलेली असतात. काळी एकमध्ये ते वाघ, पण नट अर्ध्या पट्टीने वर गेला की अंतऱ्यात चाचपडतात. पायपेटीला स्केल चेंजर नसतो, सरकवून सुटका होत नाही. काही जण बाराही पट्ट्यांत फिरतात, पण ती वर्षानुवर्षांची मजुरी आहे आणि स्वरांची नावं, अंतरं माहीत असती तर ती निम्म्यावर आली असती असं माझं स्वच्छ मत आहे. एका हंगामात नव्या आख्यानात सिनेमाच्या गाण्यावरून घेतलेलं पद होतं. मधल्या कडव्यात चाल मध्यमाला षड्ज करून फिरत होती आणि ती जागा कुणाला सापडेना. मला चटकन दिसली, कारण मूर्च्छना काय असते ते मी शिकलो आहे. पण ‘मध्यमाला सा समजा’ या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. मी तेवढाच तुकडा षड्ज लांबवत दोनदा वाजवला, पेटीवाल्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा त्यांनीच वाजवला, माझ्यापेक्षा गोड. तेव्हापासून मी तसंच करतो. शास्त्राने जागा शोधायची, सांगायची मात्र वाजवूनच.

तेरेखोल नदीच्या पलीकडे गोष्ट वेगळी होती. गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांना चर्चच्या शाळेत स्वरलिपीवाचन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईच्या स्टुडिओत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा हे त्याच परंपरेतले. रेकॉर्डिंगला व्हायोलिनवाले कागद वाचून वाजवत आणि शेजारी बसलेले ढोलकीवाले, सारंगीवाले गाणं कानात साठवून. दोघांना एका गाण्यात बसवणं हे संयोजकाचं काम, आणि जुनी हिंदी गाणी ऐकताना कोण वाचून वाजवतोय हे ओळखून दाखवा! गोव्यातही पेडण्यात दशावताराच्या कंपन्या आहेत, तिथे मात्र आमच्यासारखंच, कागद नाही.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. कानाने शिकायचं तर कानावर पडायला हवं. पूर्वी पोरगा झांज घेऊन कोपऱ्यात बसायचा, हंगामच्या हंगाम काढायचा, पखवाजवाला जेवायला उठला की त्याच्या जागी हात साफ करायचा. आता तो मोबाइलवर एक चाल हळू करून ऐकतो, बोटं अचूक बसवतो आणि थेट पेटीवर येतो. चाल त्याची चोख असते. पण नटाने मधेच दोन वाक्यं घुसवली की तो चाल पुढे नेतो, कारण मोबाइल थांबत नव्हता. शिवाय जुना पेटीवाला गेला की त्याच्या चाली जातात. मी काही लिहून ठेवल्या आहेत. वही उघडली की स्वर बरोबर दिसतात. पद सुरू होण्याआधी किती थांबायचं, गंधार कुठे सोडायचा, हे वहीत नाही. म्हणून आता लिहितो कमी आणि परवानगी घेऊन अख्खी रात्र ध्वनिमुद्रित करतो, संवादांसकट. नुसती पदं कापून ठेवण्यात अर्थ नाही.

जिल्ह्यात दरवर्षी पेटीच्या परीक्षा देऊन मुलं-मुली बाहेर पडतात आणि मग करायचं काय म्हणून विचारायला येतात. त्यांना माझं सांगणं आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतील. जवळच्या कंपनीच्या मालकाला भेटा आणि पेटी मागू नका, झांज मागा. एक हंगाम झांजेवर काढा, पेटीवाला स्वतःहून सरकून जागा देईल तेव्हा पेटीवर हात ठेवा. रात्री थंडी असते, स्वेटर न्या. पहिल्या वर्षी पैशांची अपेक्षा ठेवू नका, कंपन्यांची परिस्थिती बेताचीच आहे.