मेकॅनिकल कीबोर्ड, भीमगीत आणि आडनाव

माझा मावसभाऊ सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. वय सत्तावीस. नालासोपारा पूर्वेला चाळीतल्या खोलीत आईसोबत राहतो आणि अंधेरीच्या एका कंपनीत काम करतो. गेल्या वर्षी त्याने साडेसहा हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला आणि मी पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

हे लिहिताना लाज वाटते. पण लिहिले पाहिजे, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. आपल्या चळवळीतले बहुतेक कार्यकर्ते आयटीतल्या आपल्या पोरांशी असेच वागतात.

झाले असे की त्याच महिन्यात भीमजयंतीची वर्गणी काढायला आम्ही त्याच्या दारात गेलो. त्याने पाचशे रुपये दिले. आणि आत टेबलावर हा टकटक वाजणारा कीबोर्ड! त्यात त्याच्या गप्पा कसल्या? व्हीएस कोड चांगला की निओव्हिम, पायथनमध्येच राहावे की रस्ट शिकावे, नोटीस पिरियड किती, कुणाला किती पॅकेज मिळाले, कोणत्या हेडफोनमध्ये बेस चांगला येतो. मी एम.ए. समाजशास्त्र. मला लगेच 'नवमध्यमवर्ग', 'चळवळीपासून तुटलेला' वगैरे शब्द आठवले. बाबासाहेबांचे १८ मार्च १९५६ चे आग्र्याचे भाषण मी त्याला ऐकवले, शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली म्हणून बाबासाहेब व्यथित झाले ते.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण एका रविवारी त्याला सोपाऱ्याच्या स्तूपावर घेऊन गेले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेला, बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ओळखायचे तो आपल्या दारातला स्तूप. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आधीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या विहारयात्रा करायचे, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, असे तो लेख सांगतो. मी त्याला म्हटले, "तुझी सगळी विहारयात्राच चाललीय. धम्मयात्रा कधी?"

तो काही बोलला नाही. गवतावर बसून राहिला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, तुला एक सांगू का? कुणाला बोलू नकोस." (त्याला विचारूनच हे लिहिते आहे. त्याने फक्त कंपनीचे नाव टाकू नको म्हटले.)

त्याचे आडनाव आपल्यातही असते आणि मराठ्यांतही. त्यामुळे ऑफिसात पहिल्या महिन्यात "गाव कोणतं?" झाले, "कुलदैवत कोणतं?" झाले, त्याने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दीड वर्ष निभावले. एक दिवस व्हिडिओ मीटिंगमध्ये त्याने स्क्रीन शेअर केली, तेव्हा कोपऱ्यात गाण्याच्या प्लेअरची छोटी चौकट उघडी राहिली. त्यावर नाव होते एका भीमगीताचे. एक सिनिअर हसत म्हणाला, "अच्छा, तू त्यांच्यातला का? वाटत नाहीस."

बस्. इतकेच. शिवी नाही, धमकी नाही. मीटिंग पुढे सुरू झाली. अॅट्रॉसिटीच्या कोणत्या कलमात बसवणार हे?

पण त्यानंतर त्याच्या कोडवर रिव्ह्यूमध्ये शेरे वाढले, असे त्याला वाटते. 'वाटते' हा शब्द त्याचाच आहे. "ताई, माझा कोड खरंच वाईट असेल तर? तेच कळत नाही ना. आधी शेरा आला की मी कोड बघायचो. आता शेरा आला की मी त्या माणसाचं तोंड आठवतो."

जातीविषयी मी शंभर व्याख्याने ऐकली असतील, दहा-वीस दिलीही असतील. आपल्या कामाचे खरे मोल किती, हे तपासण्याचा मापदंडच जात माणसाच्या हातातून काढून घेते, हे इतक्या साध्या शब्दांत मला कुणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून त्याच्याकडे दोन प्लेलिस्ट आहेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर लो-फाय पियानो, ज्याला जात नाही. फोनवर वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. ती तो ट्रेनमध्ये ऐकतो. नालासोपाऱ्यात सकाळी चढायला मिळत नाही म्हणून तो आधी उलटा विरारला जातो आणि तिथूनच बसून अंधेरीपर्यंत येतो. तेवढा वेळ कान आपले. अंधेरीला उतरताना प्लेलिस्ट बदलतो. हेडफोनवर एवढे पैसे का घालतो, हे मला त्या दिवशी कळले. आवाज बाहेर फुटू नये म्हणून!

आणि कीबोर्ड? "कंपायलर सगळ्यांना सारख्याच शिव्या घालतो, ताई. सेमीकोलन विसरला तर कुलकर्ण्याला पण एरर, मला पण एरर." दिवसभरात ज्याच्याशी बरोबरीने बोलता येते अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ आहे, तिच्यावर त्याने साडेसहा हजार घातले. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुणी चळवळीचा हिशेब मागितला नाही. मी मात्र एका पोराकडे कीबोर्डचा हिशेब मागितला.

आता कुणी म्हणेल, हा त्याचा न्यूनगंड आहे, आयटीत फक्त मेरिट चालते. त्यांच्यासाठी जुनाच पुरावा पुरे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी वेगवेगळी. ६६ आठवडे हा प्रयोग चालला. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला ढोबळमानाने दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. प्रत्येक जण मेरिटचे गुणगान करतो, आणि उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र हमखास विचारतो. गाव कोणते, वडील काय करतात, या प्रश्नांत काय मोजले जाते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

मावसभावाने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीतच नव्हती. प्रोग्रामर लोक कोडच्या आवृत्त्या सांभाळायला गिट नावाचे साधन वापरतात. लिनक्सवाल्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ते २००५ साली बनवले, फुकट आहे. त्यातल्या मुख्य शाखेला 'मास्टर' म्हणायची पद्धत होती. मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडला मारले, जगभर कृष्णवर्णीयांचे आंदोलन उसळले आणि 'मास्टर' या शब्दाला गुलामगिरीचा वास येतो म्हणून गिटहबने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या प्रकल्पांसाठी तो शब्द काढून 'मेन' केला. पायथनवाल्यांनी तर 'मास्टर-स्लेव्ह' हे शब्द २०१८ मध्येच गाळायला घेतले होते.

चांगलेच केले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली. आपले त्यांच्याशी नाते जुने आहे. पण त्याच २०२० सालच्या ३० जूनला कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या व्यवस्थापकांवर जातिभेदाचा खटला भरला. आरोप असा की एक दलित इंजिनिअर आयआयटीत आरक्षणातून आला होता, हे व्यवस्थापकाने सहकाऱ्यांना सांगून टाकले. कंपनीने आरोप नाकारले, दोन व्यवस्थापकांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदावर बंदी घातली, ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसल्याच विधेयकावर नकाराधिकार वापरला. म्हणजे तिथे निदान भांडण तरी उघड्यावर आहे. मावसभावाच्या टीमनेही त्यांच्या शाखांची नावे बदलली म्हणे, एका दुपारी, 'इन्क्लुजन' म्हणून. "वाटत नाहीस" म्हणणारा त्या ईमेलवर टाळ्यांचे चिन्ह टाकणाऱ्यांत होता.

आता आग्र्याचे भाषण. ते आम्ही या पोरांना ऐकवतो खरे, पण १९५६ सालचा शिकलेला माणूस बहुतांशी सरकारी नोकरीतला होता. त्याच्यामागे आरक्षण होते, पुढे रोस्टर आला, मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना आल्या, १९७८ साली कांशीरामांचे बामसेफ आले. माझ्या मावसभावाच्या मागे काय आहे? ना रोस्टर, ना संघटना, ना युनियन. तक्रार करायची तर त्याच एचआरकडे. तो एकटा आहे, आणि आपण त्याच्या दारात फक्त पावतीपुस्तक घेऊन जातो. समाजाचे ऋण त्याने फेडावे, हे मान्य. पण ऋण फेडण्याआधी, "तुझं तिथं कसं चाललंय?" हे एकदा तरी विचारलेय का आपण? मी विचारले नव्हते.

दोन महिन्यांपासून तो रविवारी सकाळी वंदनेनंतर आमच्या विहारात मुलांना शिकवतो. तीन जुने लॅपटॉप, सात मुले, त्यात चार मुली. मागच्या रविवारी गिट शिकवले. पहिल्यांदा वापरताना त्याला आपले नाव सांगून ठेवावे लागते. मग केलेल्या प्रत्येक बदलावर ते नाव चिकटते, आणि नंतर पुसायचे म्हटले तर सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. बारावीतली एक मुलगी हात कीबोर्डवर ठेवून थांबली आणि म्हणाली, "दादा, आडनाव टाकायचं का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी एरवी अशा प्रश्नाला अर्धा तास बोलते. परवा बोलले नाही. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर फक्त पहिले नाव आहे, हे मला माहीत होते.

"मी नाही टाकलं," तो तिला म्हणाला. "का नाही टाकलं ते आधी सांगतो, मग तू ठरव." आणि त्याने लॅपटॉपचे झाकण मिटले, खुर्ची मुलांकडे वळवली आणि स्क्रीन शेअरची गोष्ट सांगायला लागला.