न काढलेले ठिपके

पिंगळा काढायचा म्हणजे ठिपक्यांचं काम. डोक्यावर, पाठीवर, खांद्यावर नुसते पांढरे ठिपके. शून्य नंबरचा ब्रश आणि मान दुखेपर्यंत टिपटिप. मॉडेलची वानवा नाही. मागच्या चिंचेच्या ढोलीत जोडी आहे, दिवेलागणीला तारेवर येऊन बसते आणि माझ्याकडे बघून मान खालीवर करते. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा म्हणे याचीच बोली ऐकून बोलतो.

रानपिंगळा काढायला बसले तेव्हा सवयीचा हात डोक्याकडे गेला आणि ठिपके पडले. कागद फुकट! रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखी-तपकिरी, पाठही तशीच. छातीवर रुंद गडद पट्टा, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. मला आवडतात ते त्याचे पाय: पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या दणकट. भर दिवसा सरडे धरणाऱ्याला ते लागतातच.

पक्षितज्ज्ञ ह्यूमने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. गुजरातेतला म्हणून १९१४चा एक होता, पण तो मायनर्ट्झहागेन या कर्नलने संग्रहालयातून लांबवलेला. जुनीच कातडी नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोटा पत्ता सोडला, खऱ्या नमुन्यांचे पत्ते धरले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांच्या चमूला शहाद्याजवळ पक्षी दिसला. ११३ वर्षांनी! मधल्या काळात कितीजणांनी त्याला ‘पिंगळाच’ म्हणून सोडून दिलं असेल, देव जाणे. माझ्या हाताने तेच केलं होतं.

लाल यादीत पिंगळ्याची कुणाला चिंता नाही. आंब्याची ढोली, पडकी भिंत, त्याला काहीही चालतं. रानपिंगळ्याला मध्य भारतातलं कोरडं पानझडी रान लागतं, त्यातही ढोली असलेली जुनी झाडं. २०१८पर्यंत तो ‘अतिसंकटग्रस्त’ होता, आता ‘संकटग्रस्त’ आहे. मेळघाट, यावल, तानसा अशा जागा सापडत गेल्या म्हणून ही पायरी बदलली. जंगल काही वाढलेलं नाही. प्रौढ पक्ष्यांची संख्या जाणकार हजाराच्या आतच धरतात.

सागाच्या रानात दिवसाढवळ्या पिंगळा दिसला, तर फोटोची घाई करू नका. आधी डोक्यावरचे ठिपके बघा.