एकट्या गळ्याची मैफल

नामवंत गायकाची फसलेली मैफल ऐकायला मला आवडते. कुणाची फजिती पाहायची हौस म्हणून नव्हे. गळा ताब्यात असला की गाणारा आपले कष्ट बेमालूम लपवतो. गळा रुसला की ते उघड्यावर येतात आणि गाणे तगवायचे कसे, ते ऐकायला मिळते.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘लाइव्ह किलर्स’ मी त्यासाठीच लावतो. १९७९च्या जानेवारी ते मार्चमधल्या युरोप दौऱ्यातून निवडलेला हा त्यांचा पहिला लाइव्ह अल्बम. दोन रेकॉर्ड, चार बाजू. पुष्कळांनी नाके मुरडली. ध्वनिमिश्रण बँडमधल्यांनाही रुचले नाही. गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज तर जागोजागी कोरडा, खरखरीत लागतो.

त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. १९७५च्या अमेरिका दौऱ्यात गळ्यापायी काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते, तरी शस्त्रक्रियेला तो तयार झाला नाही. असा गळा घेऊन, गिटारी आणि ड्रमच्या गदारोळावर रात्रीमागून रात्र गायचे, म्हणजे कणगीत मोजके धान्य असताना रोज पंगत उठवायची.

त्यात तुलना कुणाशी, तर त्याच्याच स्टुडिओतल्या गाण्याशी. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ऑपेरा भागात मर्क्युरी आणि बँडमधले ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांनी आवाजावर आवाज चढवत अख्खा गायकवृंद उभा केला होता. मंचावर तो आणायचा कुठून? तेवढ्यापुरती टेप लागायची आणि मंडळी आत जायची. या अल्बममध्ये तो सांधा कान देऊन ऐकावा. टेपेतला भरघोस कल्लोळ संपतो, वाद्ये कडाडतात आणि त्यातून एकटा, थकलेला, हाडामांसाचा आवाज पुढे येतो. तो उणा वाटतोच. पण एका माणसाने वृंदाची बरोबरी करावी, हा हट्ट आपला.

तो काय करतो ते पाहावे. ‘वी आर द चॅम्पियन्स’च्या ध्रुवपदात, मूळ रेकॉर्डवर जिथे आवाज उंच झेपावतो, तिथे हा बगल देतो. खालचाच सूर धरतो, पण शब्द असा ठासून टाकतो की वरची जागा चुकल्याचे क्षणभर लक्षातही येत नाही. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये मूळचा पियानो बाजूला ठेवून फक्त मेची बारा तारांची गिटार घेतली आहे, पट्टीही उतरवली आहे. आणि ऐन भरात आलेले गाणे तो खुशाल लोकांच्या हवाली करतो. लोक गातात, तो थांबतो. दम खातो म्हणा, मान देतो म्हणा. दोन्ही एकाच श्वासात उरकते.

हाच मर्क्युरी लहानपणी, फारोख बलसारा या मूळ नावाने, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकला. तिथल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच होता. पुढचे सारे शहाणपण तिथलेच, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण जो साथीला बसलेला असतो त्याला एक गोष्ट लवकर उमगते, की आपण गप्प राहिलो तरी गाणे चालू राहते.

१९८५मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत वेम्ब्लीवर त्याने अवघ्या स्टेडियमला आपल्यामागून सूर म्हणायला लावले. त्याचे गोडवे अजून गायले जातात. लोकांच्या गळ्यावर विसंबायची ती रीत मात्र १९७९च्या या खरखरीत रेकॉर्डवरही ऐकू येते.

तेव्हा अल्बम निराश करतो, हे मला कबूल. सुंदर आवाज हवा असेल त्याने स्टुडिओतल्या रेकॉर्ड लावाव्यात. त्यांची काही कमतरता नाही. गवयाची अक्कल ऐकायची असेल, तर मात्र ‘लाइव्ह किलर्स’ला पर्याय नाही.